नळीचा कौल, दस्त्याचा डौल

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 31 जुलै 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवे पडून आणि उभे राहून) रायफलची पात्रता फेरी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 600 पैकी 590 गुण घेऊन सातवा आला आणि अंतिम फेरीत पोहोचला. त्याच्याबरोबर उतरलेला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 गुणांवर राहिला, अकरावा ठरला आणि स्पर्धेबाहेर गेला, कारण अंतिम फेरीत आठच जण जातात. दुसऱ्या दिवशी स्वप्नीलने 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत दोघांमध्ये अंतर होते एका गुणाचे. हा एक गुण कागदावर मोजायचा तर असा: 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते आणि नऊचे 26.4 मिलिमीटरचे. म्हणजे दहाची रेघ आणि नऊची रेघ यांच्यात 8 मिलिमीटर अंतर. अंतिम फेरीत तर दशांशात गुण मोजतात, तिथे एका दशांशाची किंमत 0.8 मिलिमीटर. पन्नास मीटरवर, उघड्या माळावरच्या वाऱ्यात, इतक्या बारीक हिशेबाने गोळी जिथे जायला हवी तिथे नेणारे साधन म्हणजे बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे हाताने बोल्ट सरकवून भरायची, .22 टार्गेट रायफल. ती निवडायची कशी, हा या लेखाचा विषय.

रायफल विकत घेणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन इच्छा एकत्र असतात. ती अचूक असावी आणि देखणीही असावी. दोन्ही इच्छा रास्त आहेत. अडचण अशी, की देखणेपण डोळ्यांना दिसते आणि अचूकता दिसत नाही. अक्रोडाच्या दस्त्यावरची लाट, निळसर काळ्या पोलादाची झळाळी, बोल्टच्या मुठीचा गोलावा हे दुकानातल्या टेबलावर लगेच मन जिंकते. पण चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, मापे, नळीच्या आतली एकसारखी चाल, तोंडाची कड, काडतुसांच्या लॉटशी (एकाच वेळी बनलेल्या साठ्याशी) जमणारे सूत हे काहीही टेबलावर कळत नाही. म्हणून घेणारा नकळत दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: नळीचा निकाल कागदावर घ्यावा, दस्त्याचा निकाल अंगावर घ्यावा, आणि या दोन कसोट्या पार झाल्यावरच सौंदर्याला मत द्यावे. हा क्रम पाळला तर सौंदर्य अचूकतेच्या आड येत नाही, उलट तिला हातभार लावते. क्रम उलटा झाला तर मात्र पुढची कितीतरी वर्षे आपण एका सुंदर वस्तूची समजूत काढत राहतो.

सुरुवात रायफलीपासून न करता काडतुसापासून केली पाहिजे, कारण या प्रकारात काडतूस हाच अर्धा निर्णय आहे. '.22 लाँग रायफल' हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने 1887 मध्ये आणले आणि आजही 50 मीटरच्या सर्व ऑलिंपिक रायफल स्पर्धा त्याच्यावरच चालतात. गोळी शिशाची, वजनाने सुमारे 2.6 ग्रॅम, व्यास 5.6 मिलिमीटर. मोठ्या रायफलींच्या काडतुसात पेट घेणारी टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. .22 सारख्या रिमफायर काडतुसात तशी टोपीच नसते. काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली पोकळ कड असते, तिच्यात स्फोटक मिश्रण ओले असताना काडतूस गरगर फिरवून पसरवतात. फायरिंग पिन ती कड चेचते, मिश्रण पेटते, ते दारू पेटवते. मिश्रण कडेत सगळीकडे सारखे पसरले नसेल, कडेची जाडी काडतुसागणिक बदलत असेल, तर प्रत्येक वेळी ठिणगी थोडी वेगळी पडते. त्यातून एक मोठा परिणाम निघतो. मध्यभागी टोपी असलेली काडतुसे नेमबाज स्वतः पुन्हा भरू शकतो, दारू गुंजभर कमीजास्त करून ती आपल्या रायफलीला जुळवू शकतो. रिमफायरचे काडतूस तसे भरता येत नाही. ते कारखान्यातून जसे आले तसेच वापरावे लागते. म्हणून इथे काडतूस रायफलीला जुळवता येत नाही, जुळणारे काडतूस शोधावे लागते.

हे जुळणे किती महत्त्वाचे, ते साध्या गणिताने दिसते. टार्गेटसाठीची .22 काडतुसे साधारण सेकंदाला 320 ते 330 मीटर वेगाने गोळी सोडतात. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून परत त्याखाली येताना गोळीला धक्के बसतात आणि तिचा मार्ग बिघडतो. म्हणूनच 'हाय व्हेलॉसिटी' असे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली काडतुसे टार्गेटसाठी कामाची नाहीत. आता 320 मीटरच्या वेगाने 50 मीटर जायला गोळीला सुमारे 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा फक्त एक टक्का, म्हणजे सेकंदाला तीनेक मीटर कमी असला, तर हे खाली येणे दोन टक्क्यांनी वाढते. दोन टक्के म्हणजे अडीच मिलिमीटर. वेगातला फरक तीन टक्के झाला तर गोळी साडेसात मिलिमीटर खाली लागते. नेमबाजाचा श्वास, बोट, नजर सगळे बिनचूक असूनही दहाचा नऊ होण्याइतका हा फरक आहे. नळी कितीही उत्तम असली तरी वेगातला हा चढउतार ती पुसून टाकू शकत नाही.

म्हणूनच जाणते नेमबाज काडतुसांच्या नावाइतकेच लॉटच्या क्रमांकाला महत्त्व देतात. इंग्लंडची ईली, फिनलंडच्या लापुआची काडतुसे, जर्मनीची आरडब्ल्यूएस या नामवंत कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या काडतुसांतही एक लॉट एका नळीतून सुरेख चालतो आणि दुसऱ्या नळीतून साधारणच. दोन्ही नळ्या एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या असल्या तरी हे घडते. ईली आणि लापुआ यांनी त्यासाठी खास चाचणी केंद्रे ठेवली आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो, ती शिकंज्यात घट्ट बसवतात, एकामागून एक लॉट चालवून पाहतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याचा साठा नेमबाज घेऊन येतो. आपल्याकडे देवाला कौल लावतात तसा हा नळीला लावलेला कौल आहे, फरक एवढाच की याचे उत्तर मिलिमीटरमध्ये मोजता येते. ज्याला परदेशी केंद्रापर्यंत जाणे शक्य नाही, त्यानेही आपल्या क्लबच्या रेंजवर टेकूवर रायफल ठेवून तीन-चार प्रकारची काडतुसे चालवून पाहणे शक्य आहे. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण गोळीवरचे मेण आणि शिशाचा थर नळीत नव्याने बसायला तेवढ्या गोळ्या जातात. ज्या विक्रेत्याकडे किंवा क्लबमध्ये रायफल घेण्याआधी अशी चाचणी करू देतात, तिथे चार पैसे जास्त गेले तरी तिथूनच घ्यावी.

चाचणी करतानाही एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही अडकतात. कुणीतरी तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, दाखवतो. तिन्ही भोके एकमेकांत मिसळलेली असतात, आणि पाहणारा भारावतो. पण ग्रुपचा आकार गोळ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. त्याच रायफलीने, त्याच लॉटने मारलेला दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा मोठाच येतो. यात रायफलीचा दोष नाही; जितक्या जास्त गोळ्या, तितकी एखादी दूर जाण्याची शक्यता जास्त, एवढेच. पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप घेतले तर काहीही न बदलता एक दुसऱ्याच्या दीडपट निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा एका सुंदर ग्रुपवर रायफल पसंत करणे आणि एका वाईट ग्रुपवर नापसंत करणे, दोन्ही चूकच. निदान दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप मारावेत, सगळे मोजावेत आणि त्यांची सरासरी धरावी. मोजताना सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर घ्यावे. दहाची रेघ गोळीच्या कडेने शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणून गोळीचा मध्यबिंदू टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत गेला तरी चालतो. म्हणजे सगळे मध्यबिंदू 16 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसले पाहिजेत. जी रायफल दहा गोळ्यांचे ग्रुप सातत्याने याहून बरेच आत ठेवते, ती नेमबाजाच्या चुकीला थोडी जागा देते. जी या मापाशी येऊन थांबते, ती काहीच जागा देत नाही.

आता नळीकडे वळू. .22 च्या नळीत पिळदार खाचा साधारणपणे 16 इंचांत, म्हणजे सुमारे 406 मिलिमीटरमध्ये एक फेरा घेतात. त्यामुळे बाहेर पडणारी गोळी सेकंदाला आठशेच्या आसपास गिरक्या घेत असते, आणि या गिरकीमुळेच तिचे तोंड पुढे राहते. शिसे मऊ असल्याने नळीच्या आतली जरासुद्धा असमानता गोळीवर ओरखडा उमटवते. म्हणून चांगली नळी आतून घासून गुळगुळीत केलेली असते आणि तोंडाकडे मोकळी होत जाणारी नसते. झालीच तर किंचित आवळत जाणारी असते. तोंडाची कड, जिला क्राऊन म्हणतात, गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूला ठेचली असेल तर मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. चेंबर हा तिसरा मुद्दा. टार्गेट रायफलीचे चेंबर अरुंद असते. काडतूस आत सरकवताना गोळी खाचांना किंचित टेकते आणि सुरुवातीपासूनच नळीच्या मध्यरेषेवर उभी राहते. स्वयंचलित भरणीच्या रायफलीला चेंबर सैल ठेवावे लागते, नाहीतर काडतुसे अडकतात. बोल्ट-ॲक्शनची सरशी इथे आहे. हाताने, सावकाश, त्याच जोराने काडतूस बसवायचे असल्याने चेंबर घट्ट ठेवता येते, आणि गोळी सुटेपर्यंत रायफलीत दुसरा कुठलाही भाग हलत नाही.

लांब नळी म्हणजे जास्त अचूक, हा समज सोडायला हवा. या काडतुसात दारू इतकी थोडी असते, की साधारण 40 ते 50 सेंटिमीटर नळीतच तिचे काम संपते. पुढची लांबी गोळीला वेग देत नाही. जुन्या टार्गेट रायफलींच्या नळ्या 65 ते 70 सेंटिमीटरच्या असत त्या मुख्यतः पुढची साइट दूर नेण्यासाठी. आज तेच काम अनेक जण आखूड नळीच्या पुढे पोकळ नळकांडे बसवून करतात. जाड नळी मात्र उपयोगी, कारण ती कमी थरथरते आणि पुढे वजन देऊन उभ्याने नेम धरताना स्थिरता देते. नियमाने 50 मीटरच्या रायफलीचे वजन 8 किलोपर्यंत चालते, पण ते वजन रोज तासनतास पेलण्याची ताकद अंगात हवी. शाळकरी वयाच्या नेमबाजाने मोठ्यांच्या मापाची जड रायफल घेऊन पाठ दुखवून घेण्यात शहाणपण नाही.

ट्रिगर हा नळी आणि माणूस यांच्यामधला दुवा. थ्री पोझिशनच्या स्पर्धेत ट्रिगरला किमान वजनाची अट नसल्याने तो शंभर ग्रॅमच्या आसपास, क्वचित त्याहूनही हलका ठेवलेला दिसतो. पण हलकेपणापेक्षा एकसारखेपणा मोलाचा. पहिला टप्पा कुठे संपतो ते बोटाला स्पष्ट कळावे, आणि दुसऱ्यात प्रत्येक वेळी त्याच जोराला, कुठेही न घसटता तो सुटावा. ट्रिगर सुटल्यापासून पिन कडेवर आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, त्यानंतर गोळी नळीतून बाहेर पडायला आणखी सुमारे तीन मिलिसेकंद. या काळात नेम हलला तर गोळीही हलते. .22 ला मागचा धक्का नाहीच, असे म्हणतात, तेही पूर्ण खरे नाही. सहा किलोची रायफल गोळी नळीत असतानाच पाव मिलिमीटरच्या आसपास मागे सरकते. ती दर वेळी सारखीच सरकली तर काही बिघडत नाही. एकदा खांद्यात घट्ट आणि एकदा सैल धरली तर ती वेगळ्या तऱ्हेने सरकते आणि ग्रुप फाटतो. इथून आपण दस्त्याकडे येतो.

दस्ता म्हणजे नुसते लाकूड नव्हे. माणसाच्या हाडांचे माप आणि पोलादाचे माप जिथे भेटतात ती जागा म्हणजे दस्ता. मागची डायॉप्टर (बारीक छिद्राची) साइट आणि पुढची साइट यांच्यात 80 सेंटिमीटर अंतर धरले, तर डोळा आणि साइट यांची जुळणी 0.13 मिलिमीटरने चुकली की 50 मीटरवर गोळी 8 मिलिमीटर सरकते. 0.13 मिलिमीटर म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीपेक्षा थोडेसेच जास्त. गाल टेकवण्याची पट्टी योग्य उंचीवर नसेल तर नेमबाजाला मान ताणून डोळा साइटमागे आणावा लागतो. ताणलेली मान दहाव्या मिनिटाला थकते, साठ गोळ्यांची स्पर्धा दीड तासाच्या आसपास चालते, आणि थकलेली मान पानाच्या जाडीइतकी हलणारच. म्हणून रायफल पाहताना पुढील कसोटी करावी. डोळे मिटून पोझिशन घ्यावी, रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. साइट डोळ्यासमोर आपोआप आली तर दस्ता आपला. डोके वरखाली करावे लागले तर आधी पट्टी, मागची प्लेट, पकड हे सगळे सरकवून पाहावे. सरकवूनही जमत नसेल तर ती रायफल कितीही नामांकित असो, दुसऱ्याची आहे. आडवे पडून, गुडघ्यावर आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत ही कसोटी घ्यावी. एका स्थितीत मापात बसणारी रायफल दुसऱ्या स्थितीत अंगाशी भांडू शकते.

आता सौंदर्याकडे येता येईल, आणि इथे मी त्याची बाजू घेणार आहे. टार्गेट रायफलीचे खरे देखणेपण तिच्या कारणमीमांसेत असते. पकडीच्या ठिकाणी लाकडाचे रेशे आडवे न जाता लांबीच्या दिशेने धावतात, कारण आडव्या रेशांवर दस्ता तडकतो. पोलाद आणि लाकूड यांच्या मधला सांधा केसाइतका बारीक आणि सगळीकडे सारखा असतो, कारण असमान टेकलेले पोलाद प्रत्येक गोळीला वेगळे थरथरते. नळी दस्त्याला कुठेही शिवत नाही, भोवती सारखी फट ठेवलेली असते, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगले तरी नळीवर दाब येऊ नये. तेलाचा पातळ हात चमकत नाही, कारण चकाकी डोळ्याला त्रास देते. अशा रायफलीकडे पाहताना डोळा जिथे सुखावतो तिथे बहुधा एखादा कारागीर काही कारणाने थांबलेला असतो. जर्मनीतल्या अँशुट्झची 54 ॲक्शन बसवलेली जुनी मॉडेल्स, किंवा अमेरिकेतली 1980 पर्यंत बनत राहिलेली विंचेस्टर मॉडेल 52 आजही देखण्या वाटतात त्या नक्षीमुळे नव्हे. त्यांच्या अंगावर निरुपयोगी रेषा जवळजवळ नाही म्हणून. उलट ज्या रायफलीवर भारी लाकूड आहे पण सांध्यात पोस्टकार्ड शिरते, ती सजलेली आहे, सुंदर नाही. सौंदर्याचा दुसरा लाभ रोजच्या जगण्यातला आहे. नेमबाजाचा बराच सराव गोळी न झाडता होतो. घरी, भिंतीवरच्या ठिपक्याकडे नेम धरून, महिनोन्‌महिने. जी वस्तू हातात घ्यावीशी वाटते, पुसावीशी वाटते, तिच्यावर हा कंटाळवाणा सराव जास्त होतो आणि तिची निगाही नीट राहते.

यावर पहिला आक्षेप असा, की आज जागतिक स्पर्धांत ॲल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात, मग लाकडाचे कौतुक म्हणजे हळवेपणा नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ॲल्युमिनियम दमटपणाने फुगत नाही, आणि त्यावर प्रत्येक भाग मिलिमीटरने सरकवून खूण करून ठेवता येतो. वाढत्या वयाच्या नेमबाजाला आणि तिन्ही स्थितींत झटपट बदल करणाऱ्याला हा मोठा फायदा आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर तो आणखी मोठा. पण यातून सौंदर्याचा मुद्दा खोडला जात नाही, त्याची जागा बदलते. ॲल्युमिनियमच्या रायफलीतही जोड सरळ आहेत का, स्क्रू घट्ट बसून तसेच राहतात का, खुणा वाचता येतात का, हात थंड पडणार नाही अशी पकड आहे का, हे पाहणारा डोळा तोच आहे. लाकूड हवेच पण वाकण्याची भीती वाटत असेल, तर पातळ पापुद्रे चिकटवून केलेला लॅमिनेटेड दस्ता हा मधला मार्ग आहे. साध्या अक्रोडापेक्षा तो जड असतो, पण पापुद्र्यांचे रेशे एकमेकांना धरून ठेवत असल्याने मुरडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेवटी नेम माणूस धरतो, मग रायफलीचा इतका खल कशाला? इथेही आकडेच उत्तर देतात. माणसाचा विखुरलेपणा आणि रायफलीचा विखुरलेपणा यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. समजा नवशिक्याचा स्वतःचा ग्रुप 20 मिलिमीटरचा आणि रायफलीचा 12 चा. एकत्र परिणाम 23 च्या आसपास. त्याने खूप पैसे घालून 8 मिलिमीटरची रायफल घेतली तरी परिणाम साडेएकवीसवर येतो; फायदा दोन मिलिमीटरसुद्धा नाही. पण ज्याचा स्वतःचा ग्रुप 8 मिलिमीटरचा आहे, त्याला 12 ची रायफल साडेचौदावर अडवते आणि 8 ची रायफल सव्वाअकरावर आणते. इतका फरक 600 पैकी 597 गुण करणारीला नक्की कळतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोन (आडवे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात तेवढे गुण करून सुवर्ण मिळवले होते. म्हणजे आक्षेप नवशिक्यापुरता खरा आहे, आणि त्यातून निघणारा सल्लाही स्पष्ट आहे. नवशिक्याने नळीवर उधळपट्टी करू नये; ट्रिगर आणि दस्त्याचे माप यांवर लक्ष द्यावे, कारण ही दोन अंगे त्याचा स्वतःचा विखुरलेपणा कमी करतात. नळीचा शेवटचा मिलिमीटर नंतर मिळवता येतो.

म्हणूनच जुन्या रायफलीकडे नाक मुरडू नये. .22 मध्ये दाब कमी आणि गोळी मऊ शिशाची, त्यामुळे नळी हजारो गोळ्या सहज पचवते. दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाला दोनशे दिवस सराव धरला तरी वर्षाचा हिशेब 20,000 गोळ्यांचा. नीट राखलेली नळी अशी कित्येक वर्षे काढते. पाहायचे ते एवढे: चेंबरच्या पुढे जळक्या दारूचे कडक कडे जमले आहे का, क्राऊन ठेचलेला आहे का, आत कुठे गंजाचे खड्डे आहेत का. चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून उहेर्स्की ब्रोदमध्ये बनणाऱ्या सीझेडच्या रायफली, अँशुट्झची हलकी 64 ॲक्शन, सुधारित दस्त्याच्या जुन्या मॅच रायफली यांवर शिकून मग स्विस ब्लाइकर किंवा ग्रुनिग अँड एल्मिगरकडे जाणारा नेमबाज चुकीच्या वाटेने गेलेला नसतो. कंपनीचे नाव चांगल्या घडणीची शक्यता वाढवते, पण हातातली ही एक नळी कशी आहे ते नाव सांगू शकत नाही. ते कागदच सांगतो.

आपल्या देशात या निवडीला कायद्याची चौकटही आहे. .22 रायफलीसाठी शस्त्र कायदा, 1959 नुसार परवाना लागतो आणि काडतुसेही परवान्यावरच मिळतात. खेळाडूंसाठीच्या तरतुदी 2016 च्या शस्त्र नियमांत आहेत. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज राष्ट्रीय पातळीकडे सरकतात. एनसीसीच्या शिबिरात पहिल्यांदा .22 हाताळलेल्या अनेकांनी हीच पायरी चढली आहे. आधी क्लब, आधी एअर रायफल, मग क्लबची .22, आणि स्वतःचे माप व स्वतःचा ग्रुप कळल्यावर परवाना आणि खरेदी, हाच क्रम कायद्याच्या आणि खिशाच्याही सोयीचा आहे.

तेव्हा रायफल घ्यायला निघालेल्या वाचकाला एकच विनंती. दुकानात पहिल्या नजरेत भरलेली रायफल लगेच पसंत करू नका. डोळे मिटून ती खांद्याला लावा, ट्रिगर वीस वेळा रिकामा दाबून पाहा, शक्य तिथे तीन लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप कागदावर मारा आणि सगळे ग्रुप मोजा. एवढ्या परीक्षेतून दोन रायफली सारख्याच उतरल्या, तर त्यांतली जी जास्त सुंदर असेल ती निःसंकोच घ्या. तिथे सौंदर्याला दिलेले मत वाया जात नाही.